खोड्या, चिडवाचिडवी आणि छळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला वाटले की आगळ, साटे, नाहीतर सांडगी मिरची यांपैकी एखाद्या विषयाची आठवण झालेली दिसते. पण या खेपेला मी त्यांच्याकडे निराळा विषय मागून घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे ते वाचून दाखवते. माझी एक भाची पुण्यास शिक्षिका आहे. बाहेरच्या देशांची आणि कायद्याची माहिती तिने काढून दिली. बाकीचे आपल्या आजूबाजूला पाहिलेले आहे.

पहिलीपासून चौथी-पाचवीपर्यंतची मुले शाळेत एकमेकांना जो त्रास देतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. आपण म्हणतो, मुलेच ती, भांडायचीच. हे खरेच आहे, आणि भांडणात आपण पडू नये हेही खरे. दोन मुले लगोरीवरून एकमेकांच्या उरावर बसतात आणि संध्याकाळी त्याच आंब्याखाली एका कागदातले तिखटमीठ लावून कैरी खातात. मध्ये त्यांच्या आया पडल्या, तर आयांचे बोलणे मात्र शिमग्यापर्यंत बंद राहते. अशा भांडणाला मी छळ म्हणत नाही.

छळ ओळखण्याची खूण साधी आहे. भांडणात दोघेही रडतात. छळात रोज एकच रडतो. दुसरा अंगाने, वयाने, नाहीतर पाठीशी जमलेल्या टोळक्याने जबर असतो आणि पहिल्याला उलटून बोलता येत नाही. आणि तो एकदा होऊन संपत नाही. आज, उद्या, परवा, त्याच नळापाशी, त्याच मधल्या सुट्टीत. नॉर्वे देशातल्या डॅन ओल्व्हेउस नावाच्या प्राध्यापकांनी १९७० नंतरच्या काळात या गोष्टीचा पहिल्यांदा नीट अभ्यास केला. त्यांनीही ह्याच खुणा सांगितल्या: जाणूनबुजून केलेला, पुनःपुन्हा केलेला, आणि बळ सारखे नसलेल्यांमधला. इंग्रजीत त्याला बुलिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका एक शब्द नाही. दांडगाई म्हणा, छळ म्हणा. शब्द नाही म्हणून ती गोष्ट नाही असे थोडेच आहे!

मारणे हा त्यातला उघड प्रकार. तो निदान दिसतो. गुडघा फुटलेला असतो, खिसा फाटलेला असतो. चपला लपवणे, पाटीवर थुंकणे, डब्यात पाणी ओतणे हेही कधीतरी उघडकीस येते. टोपणनावे त्याहून वाईट. जाड मुलाला ढब्बू, अडखळत बोलणाऱ्याला तोतऱ्या, काळ्या रंगावरून काही, बापाच्या दारूवरून काही. आणि सर्वांत न दिसणारा प्रकार म्हणजे बोलणे बंद करणे. हा मुलींत जास्त. एक जण ठरवते, की हिच्याशी कोणी बोलायचे नाही, हिला खेळात घ्यायचे नाही. आणि बाकीच्या गप्प राहून ते पाळतात. कोणी कोणाला बोटही लावलेले नसते. तक्रार करायची तर काय करायची?

भगिनींनो, हे मुलांनी कोठून शिकले, ते आपण कोकणातल्या बायकांनी तरी विचारू नये. वाळीत टाकणे आपल्याकडे किती पिढ्यांचे आहे! गावकीने एखाद्या घराचे पाणी, विस्तव, लग्नकार्य बंद केले, की त्या घरची माणसे गावात राहून गावाबाहेरची होत. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अशा प्रकरणांची पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी महाराष्ट्र सरकारला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. मोठ्यांसाठी कायदा झाला. तिसरीतल्या मुलीला वर्गातल्या पाच जणींनी वाळीत टाकले तर तिने कोणाकडे जावे?

आता एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगते. शाळेचे आणि मुलांचे नाव सांगत नाही, आणि आपणही तर्क करीत बसू नये.

आपल्या बागांच्या राखणीला नेपाळातली कुटुंबे येतात हे आपल्याला ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, आंबा उतरून पाऊस आला की जातात. पुष्कळदा बायकामुले बरोबर असतात. बागेतच खोपटे असते आणि मुले जवळच्या मराठी शाळेत घालतात. आपल्या शाळांचा पट आता किती राहिला आहे ते मी सांगायला नको. ज्या शाळेविषयी मी बोलते तिथे पाच इयत्ता मिळून सतरा मुले आणि शिकवायला दोन जणी. त्या सतरांत राखणदाराची एक मुलगी, तिसरीतली. मराठी बऱ्यापैकी बोले. पण तिच्या भाषेत बोलताना बाई-पुरुषाचा भेद आपल्यासारखा नेहमी करीत नसावेत, म्हणून ती "मी येतो, मी जातो" असे म्हणे. झाले! मुलांना तेवढे पुरले. तिच्या नाकाडोळ्यांवरून तिला "मोमो" नाव पडले. मोमो हा खायचा पदार्थ आता आपल्या बाजारातही गाडीवर मिळतो, तेव्हा नाव शोधायला कोणाला लांब जावे लागले नाही.

मला हे कळले ते माझ्या धाकट्याकडून. तो तेव्हा चौथीत होता. मी भाकरी थापत होते आणि तो ताटावर बसून हसत हसत सांगत होता, की आमची मोमो आज पण रडली. मी विचारले, रडायला काय झाले? म्हणाला, काही नाही, मोठ्या मुलाने तिची बाटली नळाखाली धरू दिली नाही, तिने "मी पाणी भरतो" म्हटल्याशिवाय. मग ती म्हणाली. मग सगळे हसले. मी म्हटले, आणि तू? त्यावर त्याने जे उत्तर दिले ते मला आजही ऐकू येते. तो म्हणाला, "मी काही केले नाही गं. आम्ही फक्त हसलो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती मुलगी शाळेत यायची थांबली. तिची आई मला दुकानात भेटली. मोडक्या हिंदीत म्हणाली, की राहू दे आता, घरी बसून लहान भावाला सांभाळील, बागेत मलाही मदत होईल. तिच्या बोलण्यात राग नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीचे शिक्षण असे संपत होते. त्यासाठी कोणी तिला शाळेतून काढून टाकले नव्हते, की तिच्या बापाजवळ पैसे नव्हते असेही नाही. सतरा मुलांची शाळा; दुसरी मैत्रीण करावी म्हटले तर ती आणायची कोठून? शहराच्या शाळेत पन्नास मुलांत एखादे तरी आपल्यासारखे सापडते. लहान शाळेत टोळके एकच असते. तुम्ही त्यात असता, नाहीतर बाहेर.

त्या "आम्ही फक्त हसलो" विषयी थोडे बोलू द्या, कारण माझ्या मते सगळे मर्म तिथे आहे. शिमग्यात नमनाच्या खेळ्यांबरोबर संकासूर येतो. पोरे ओरडतात, पळतात, पुन्हा जवळ जातात, आणि जेवढी पोरे ओरडतात तेवढा तो चढतो. अंगणात कोणीच नसेल तर संकासूर कोणामागे धावेल? दांडगाई करणाऱ्या मुलाचे असेच आहे. एकटा असताना तो त्या मुलीच्या वाटेला जात नसे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली या बाईंनी हेच दाखवून दिले. त्या म्हणतात की छळ करणारा एक आणि सोसणारा एक एवढेच धरून चालू नका. भोवती बाकीची मुले असतात. कोणी मदतीला धावणारी, कोणी हसून चेव आणणारी, कोणी मान फिरवणारी, आणि एखाद-दुसरे त्या बिचाऱ्याची बाजू घेणारे. हसणाऱ्यांना गप्प केले आणि बाजू घेणाऱ्यांना धीर दिला, की छळणाऱ्याची मजाच जाते. या विचारावर त्यांनी शाळांसाठी "किवा" नावाचा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळांतून पसरला. नॉर्वेत तर हे सगळे फार मोठी किंमत देऊन सुरू झाले. १९८२ च्या अखेरीस तिथल्या तीन मुलांनी शाळेतल्या छळापायी जीव दिला, तेव्हा सरकार जागे झाले आणि दुसऱ्या वर्षी देशभर मोहीम निघाली. थंडीच्या देशातले हे लोक, त्यांची मुले गोरीगोमटी, पोटभर खाणारी, तिथेही हेच. तेव्हा हे गरिबीचे किंवा अडाणीपणाचे लक्षण आहे असे समजून आपण कमीपणा मानू नये आणि अंगही झाडू नये.

आता मी काय केले ते. मी धाकट्याला मारले नाही आणि माफी मागायलाही लावले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला सगळ्यांदेखत माफी मागायला लावली की त्याच्या ध्यानात आपला अपमान राहतो, दुसऱ्याचे दुःख राहत नाही, असे माझे मत आहे. मी त्याला एवढेच म्हटले, की ती परत आली तर खिचडीच्या पंगतीला तू तिच्या शेजारी बस. तो म्हणाला, मग मला हसतील. हे त्याचे बरोबरच होते. भित्रेपणा म्हणून मी त्याला हिणवले नाही, कारण आपण मोठी माणसे तरी गावकीपुढे एकेकटी कितीशी उभी राहतो? मी म्हटले, एकटा बसू नको. तुझे दोन मित्र घे आणि तिघे बसा. तिघांना कोण हसणार, हसणारेच कमी पडतील. हा हिशेब त्याला पटला.

मग आम्ही तिघी जणी शाळेत गेलो. पदर खोचून नव्हे. आणि त्या मोठ्या मुलाच्या दारी तर मुळीच नाही. मुलाच्या दारी गेले की त्याची आई मुलाच्या बाजूने उभी राहणारच, आपणही राहू. शाळेतल्या बाई भल्या आहेत. त्यांना हे दिसले नव्हते, कारण हे सगळे मधल्या सुट्टीत नळापाशी होई आणि त्या वेळी बाई खिचडीचा हिशेब आणि मोबाइलवर भरायची माहिती यांत गुंतलेल्या. आम्ही काय झाले तेवढे सांगितले. कोणत्या दिवशी, कोठे, कोण होते. हा मुलगा वाईट, तो मुलगा वाईट, असे काही म्हटले नाही.

बाईंनी जे केले ते मला फार आवडले. त्यांनी छड्या काढल्या नाहीत, रांगेत उभे करून प्रवचनही दिले नाही. त्या बागेत जाऊन मुलीला आणि आईला भेटल्या आणि येताना त्यांच्या खोपटातले नेपाळी कॅलेंडर मागून आणले. दुसऱ्या दिवशी ते वर्गात लावले आणि मुलांना म्हणाल्या, वाचा. मुले वाचू लागली! कारण नेपाळी भाषेची लिपी आपलीच, देवनागरी. बैशाख, जेठ, असार, साउन. एक मुलगा ओरडला, बाई, हे तर आपलेच महिने! मग त्यावरचे साल पाहिले तर ते आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षे पुढचे. विक्रम संवत् चालतो ना त्यांच्याकडे. मुलांना वाटले, हिचा देश आपल्या पुढे गेलेला दिसतो. मग ती मुलगी उभी राहून अंक म्हणू लागली, एक, दुई, तीन, चार, पाँच, आणि सगळे तिच्यामागून म्हणू लागले. मराठीत चुकणारी ती एकटीच होती. आता नेपाळीत चुकणारे सोळा जण झाले.

त्या मोठ्या मुलाकडे बाईंनी शाळेची घंटा आणि नळाची देखरेख दिली. लहान मुलांनी पाणी भरून होईपर्यंत आपण भरायचे नाही, असा नियम. आमच्यातल्या काही जणींना हे रुचले नाही. त्याला शिक्षा करायची सोडून मान कसला देता, असे त्या म्हणाल्या. मला विचाराल तर बाईंनी ओळखले होते. त्या मुलाचा बाप मुंबईस, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरी आजोबांचा हात सैल, पट्टा सुद्धा चाले. जो घरी सर्वांच्या खाली असतो तो शाळेत कोणाच्या तरी वर बसायला बघतो. त्याला मोठेपणाची भूक होती. ती मारून जात नाही, दुसरे खायला द्यावे लागते. तो एका दिवसात सुधारला असेही नाही. महिनाभराने पुन्हा कोणाच्या तरी चपला कौलांवर गेल्या. पण त्या वेळी दोन मुलांनी तिथल्या तिथे जाऊन बाईंना सांगितले, आणि हसले कोणी नाही.

ती मुलगी मे महिन्यापर्यंत शाळेत आली. पावसाच्या तोंडावर ते कुटुंब गेले. पुढच्या हंगामात त्या बागेवर दुसरीच माणसे होती. ती आता कोठे आहे, शाळेत जाते की नाही, मला कळायला मार्ग नाही.

आता कोणी म्हणेल, पूर्वी असे नव्हते. पूर्वी तर मोठ्या माणसांनीच नियम घालून दिलेले होते! मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, आपल्याच जिल्ह्यातले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि नळाला हात लावायची बंदी होती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच शाळेतले एक शिक्षक आपल्या डब्यातली भाजी-भाकरी रोज त्यांना देत, हेही रत्नागिरीत जन्मलेल्या धनंजय कीरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे. एवढे जग पाहिलेल्या माणसाला ती भाकरी जन्मभर आठवत राहिली. पुढे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर आपल्या गावात स्थानबद्ध होते, तेव्हा सगळ्या जातींची मुले शाळेत सरमिसळ बसावीत म्हणून इथे खटपट झाली, आणि १९३१ साली भागोजीशेठ कीरांचे पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले. मुलांना एका बाकावर बसवायलाही मोठ्यांना एवढे झगडावे लागले. आता बाक एक आहे. पण वरची वाडी, खालची वाडी, मोहल्ला, बागेतली, होडीवरची, हे मुलांच्या तोंडी अजून ऐकू येते, आणि ते त्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

दुसरे आपल्या जिल्ह्यातले माणूस म्हणजे साने गुरुजी. १८९९ साली दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मले. "श्यामची आई" आपण सगळ्यांनी वाचली आहे, निदान रडण्यापुरती तरी. पण मला त्यांची अंमळनेरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९२४ पासून ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळीत. मुले अंथरुणे तशीच टाकून जात, कपडे लोळत. गुरुजी रागावत नसत; ती बाहेर गेली की अंथरुणे घड्या घालून ठेवीत, कपडे धुऊन वाळत घालीत. थोड्या दिवसांनी मुलांनाच लाज वाटली. दया, माया, प्रेम ह्यांवर भाषण केले तर मुले जांभया देतात. हाताला काम दिले तर ती शिकतात.

आपल्या लहानपणी हे आपोआप होई. पावसात शाळेत जाताना साकव लागे, खाली पऱ्ह्या फुगलेला. मोठ्या मुलांनी लहानांचा हात धरून एकेकाला पार करायचे, असा रिवाज होता. तो कोणी शिकवलेला नव्हता आणि त्याबद्दल कोणी शाबासकीही देत नसे. ज्या पोराचा हात आपण सकाळी साकवावर धरला, त्याला दुपारी ढकलून देणे जरा जड जाते. आता साकवाच्या जागी पूल झाले ते फार चांगले झाले. मुले रिक्षाने जातात. पण मोठ्याने लहानाचा हात धरण्याचे ते निमित्त गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आपण ठेवले नाही. खिचडी वाढणाऱ्याने शेवटी जेवावे, पाचवीतल्याने पहिलीतल्याला वाचून दाखवावे, नव्या मुलाला पहिले आठ दिवस सोबत द्यावी, अशी कामे शाळेत सहज लावता येतात. पैसा लागत नाही.

ज्याचा छळ होतो त्या मुलाकडे कसे लक्ष ठेवावे, ते आयांनाच कळते. सोमवारी सकाळी नेमके पोट दुखणे, डबा भरलेला परत येणे, आठवड्यात तीन पेन्सिली हरवणे, नेहमीची वाट सोडून लांबच्या पाखाडीने येणे, झोपेत ओरडणे. एखाद्या दिवशी असे झाले तर काही नाही. रोज होऊ लागले तर जवळ घेऊन विचारावे. पण "कोणी मारले? सांग, सांग!" असे अंगावर जाऊन विचारू नये. मटार सोलताना, केस विंचरताना, दोघांची तोंडे एका दिशेला असताना मुले जास्त बोलतात. आणि त्याने सांगितले की विश्वास ठेवावा.

यावर पुरुषमंडळींचा ठरलेला सल्ला असतो, की तूही दोन ठेवून दे. ज्याच्यात दोन ठेवून देण्याचे बळ असते त्याचा छळ होतच नाही, एवढे त्यांच्या लक्षात येत नाही. त्या सल्ल्याने बिचारे दुहेरी हरते. तिकडे मार खाल्ला म्हणून आणि इकडे मारता आले नाही म्हणून. त्यापेक्षा घरात उभे करून शिकवावे: मान वर, पाय घट्ट, मोठ्याने एक वाक्य, "थांब, हे मला चालणार नाही," आणि तडक बाईंकडे चालू लागायचे. चार वेळा म्हणून घेतले की जीभ वळते. बाईंना सांगणे म्हणजे चहाडी, असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. मी माझ्या मुलांना असा फरक सांगितला आहे, की दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगितले तर चहाडी. कोणाचा मार थांबावा म्हणून सांगितले तर मदत.

मोबाइलचेही सांगायला हवे. रडणाऱ्या मुलाचे चित्रण करून मोठ्या भावंडांच्या फोनवरून पाठवतात आणि वाडीभर हसतात. पूर्वी शाळेतले शाळेत राही, घरी आले की सुटका होई. आता ते उशाशी येते. असे चित्र आपल्या फोनवर आले तर पुढे पाठवू नये आणि ज्याचे आहे त्याच्या आईला एकटीला गाठून सांगावे.

आणि एक बोलते, ते कडू लागले तर क्षमा करावी. मुले टोपणनावे आपल्या स्वयंपाकघरातून नेतात. आपण आपसात ज्या नावाने एखाद्या घराचा उल्लेख करतो तेच नाव दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकू येते. मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे जाते आणि कोणाचे दार चुकते, विधवा म्हणून, बागेतली म्हणून, आणखी कशाकशासाठी, तेही मुले पाहतात. बोलावणे करायला आपण त्यांनाच तर पाठवतो.

आता हातात काय आहे ते सांगून संपवते. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हीला बंदी आहे. ती शाळेतल्या मोठ्या माणसांना प्रथम लागू आहे, हे आपण विसरू नये. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आपण तिथे सही करायला जातो आणि चहा पिऊन येतो. तिथे विचारावे, की मधल्या सुट्टीत नळापाशी आणि संडासापाशी कोण उभे असते? तक्रारपेटी आहे का, आणि असली तर ती कोण उघडते, किती दिवसांनी? लिहिता न येणारी पहिलीतली मुले त्यात काय टाकणार? २०२२ पासून सरकारने शाळाशाळांत सखी सावित्री समिती करायला सांगितली आहे. तिच्यात कोण कोण आहे, हे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले आहे का? आणि प्रकरण हाताबाहेरचे असेल, मोठ्या माणसाकडून मुलाला धोका असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत. तो मुलांकडून अंगाईसारखा पाठ करून घ्यावा. नोव्हेंबरचा पहिला गुरुवार हा शाळेतल्या छळाविरुद्धचा दिवस म्हणून २०२० पासून युनेस्कोतर्फे जगभर पाळतात. दिवस पाळण्यावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या निमित्ताने बाईंनी मुलांना घेऊन बसायला हरकत नाही.

आपल्या भागातल्या तीन शाळांच्या समित्यांच्या सभा या महिन्याच्या अखेरीस आहेत. प्रत्येक सभेला मंडळाच्या दोन जणींनी जावे असे चिटणीसबाईंशी माझे बोलणे झाले आहे. सहा नावे हवीत. चार मिळाली आहेत. मुलांना वाचून दाखवण्यासाठी शनिवारी सकाळी तासभर जायला दोघी तयार आहेत, तिसरी मिळाली तर बरे. ज्यांच्या घरी जुनी गोष्टींची पुस्तके पडून असतील त्यांनी ती पाने मोजून, फाटलेली चिकटवून, आज चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.